वरच्या दाढेचं रूट कॅनल आणि सायनसमधला बुरशीचा गोळा

एकाच नाकपुडीतून घट्ट, पिवळसर किंवा तपकिरी स्राव येतो. घशात मागून काहीतरी उतरत राहतं. अधूनमधून स्वतःलाच घाण वास येतो, गालात जडपणा वाटतो, आणि दुसरी नाकपुडी मात्र स्वच्छ असते. प्रतिजैविकांचा कोर्स झाला की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच सुरू. पुण्यात अशा तक्रारीला कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यातली ओल, डिसेंबरातली थंडी, मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या खोदकामाची धूळ, यांपैकी काहीही पुरतं. पण धूळ आणि थंडी दोन्ही नाकपुड्यांत सारखीच जाते. त्रास कायम एकाच बाजूला असेल तर त्या बाजूच्या वरच्या दाढा तपासायलाच हव्यात. त्यातल्या एखाद्या दाढेचं रूट कॅनल झालेलं असेल, मग ते दहा वर्षांपूर्वीचं का असेना, तर सायनसचा सीटी स्कॅन बघितल्याशिवाय तिसऱ्यांदा प्रतिजैविक लिहू नये आणि घेऊही नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण अशी की दाढेतून निसटलेलं सिमेंट सायनसमध्ये पडून तिथे बुरशीचा गोळा होण्याचा हा आजार दोन दवाखान्यांच्या मध्ये पडतो. दातांचे डॉक्टर दाढ ठोकून बघतात, दुखत नाही, एक्स-रेत भरण नीट दिसतं, म्हणून पेशंटला कान-नाक-घशाकडे पाठवतात. तिकडे नाक तपासलं जातं, पण "वरच्या दाढेचं कधी रूट कॅनल झालंय का, त्या वेळी सिमेंट वर गेल्याचं कुणी सांगितलं होतं का" हा प्रश्न घाईच्या ओपीडीत राहून जातो. पेशंटही आपणहून सांगत नाही, कारण नाकाचा आणि दाढेचा संबंध त्याच्या डोक्यात येत नाही.

संबंध मात्र अगदी जवळचा आहे. गालाच्या हाडात, डोळ्याच्या खोबणीखाली आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर जी हवेची पोकळी असते ती मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात तिचं आकारमान साधारण १५ मिलिलिटर. तिच्या तळाला दाढांची मुळं टेकलेली असतात. दंतवैद्य ज्यांना १६, १७, २६, २७ म्हणतात त्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढा सर्वांत जवळ, त्यांच्या पुढची दुसरी उपदाढही बऱ्याच जणांत जवळ असते. दुसऱ्या दाढेचं गालाकडचं पुढचं मूळ सरासरीने तळाच्या सर्वांत निकट असतं. पहिल्या दाढेचं टाळूकडचं मूळ काही जणांत सायनसच्या तळातून वर डोकावतं. अशा ठिकाणी मुळाचं टोक आणि सायनस यांच्यामध्ये हाड जवळजवळ नसतंच, असतो तो फक्त पातळ श्लेष्मल पडदा. वर्षानुवर्षं मुळाशी जंतुसंसर्ग असेल तर जे काही हाड होतं तेही झिजलेलं असतं.

सायनसची आणखी एक रचना इथे महत्त्वाची आहे. तिचं बाहेर उघडणारं तोंड तळाला नाही, आतल्या भिंतीत बरंच वर आहे. चिकट स्राव वर ढकलत तोंडापर्यंत नेण्याचं काम पडद्यावरच्या सूक्ष्म केसांचं, म्हणजे सिलियांचं. तळाशी एखादा जड, खरखरीत, रासायनिक त्रास देणारा कण पडला की सिलियांना तो हलवता येत नाही, आणि त्याच्या आसपासची साफसफाईही मंदावते.

आता तो कण कुठून येतो ते बघू. रूट कॅनलमध्ये दोन गोष्टी भरतात. पहिली गुट्टा पर्चा, त्या गुलाबी-नारिंगी बारीक काड्या. त्यांना सगळे गुट्टा पर्चा म्हणतात खरे, पण त्यांच्यात त्या झाडाच्या चिकाचा भाग जेमतेम पाचवा हिस्सा असतो. साधारण ६० ते ७५ टक्के झिंक ऑक्साइड, उरलेलं एक्स-रेत दिसण्यासाठीचे जड धातूंचे क्षार आणि मेण. तरीही काडीतलं झिंक चिकाच्या जाळ्यात अडकलेलं असतं, सहज सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सीलर, काडी आणि दाताची भिंत यांतली फट भरणारं पातळ सिमेंट. वर निसटतं ते बहुतेक वेळा हेच.

आपल्याकडे अनेक वर्षं सर्वाधिक वापर झिंक ऑक्साइड युजेनॉलचा झाला. पावडर आणि लवंगतेलातलं युजेनॉल काचेच्या पट्टीवर घोटून केलेलं मिश्रण. ग्रॉसमनचं प्रसिद्ध सूत्र असं: झिंक ऑक्साइड ४२ भाग, राळ २७ भाग, बिस्मथ सबकार्बोनेट १५, बेरियम सल्फेट १५, सोडियम बोरेट १, आणि द्रव म्हणून युजेनॉल. घट्ट झाल्यावर यात झिंक युजेनोलेट तयार होतं, पण ती क्रिया पाण्यात हळूहळू उलटतेही. म्हणजे ओल्या जागी पडलेल्या या सिमेंटमधून आधी युजेनॉल सुटत जातं आणि झिंक ऑक्साइड मागे राहतं. मुळाच्या आत, बंद जागेत याचा काही तोटा नाही, तिथे हे सिमेंट वर्षानुवर्षं चांगलं काम करतं. सायनसच्या ओल्या पडद्यावर पडलं तर गोष्ट वेगळी.

ए एच प्लस हे इपॉक्सी रेझिनचं सीलर. ते फार कमी विरघळतं, त्यात झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा पाया नाही, एक्स-रेत दिसण्यासाठी झिरकोनियम ऑक्साइड आणि कॅल्शियम टंगस्टेट असतं. त्याचा पूर्वज ए एच २६ घट्ट होताना फॉर्माल्डिहाइड सोडायचा, नव्यात तो दोष जवळजवळ काढून टाकला आहे. गेल्या काही वर्षांत बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटची सीलर्स आली. ती दातातल्या ओलाव्यानेच घट्ट होतात आणि ऊतींना कमी त्रास देतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्म सिलिकॉन तेलात मिसळलेली पिवळी पेस्ट दोन भेटींच्या मधल्या काळात औषध म्हणून भरतात. तिचा मुख्य धोका असा की ती लोण्यासारखी मऊ असते आणि सिरिंजमधून जोर लावला तर क्षणात मुळाबाहेर जाते. पॅराफॉर्माल्डिहाइड असलेल्या जुन्या पेस्ट, ज्यांतल्या एन २ नावाच्या पेस्टमध्ये ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांना आज दाताजवळही आणू नये. त्या ज्या ऊतीला लागतात ती मारतात.

"कुठलं सीलर चांगलं" हा प्रश्न पेशंट विचारतात, आणि विचारावा. पण सिमेंट कुठे थांबलं हा त्याहून मोठा प्रश्न आहे. मुळाच्या आत थांबलेलं झिंक ऑक्साइड सायनसला काही करत नाही, आणि सायनसमध्ये पडलेला महागडा बायोसिरॅमिकचा गोळाही परकी वस्तूच असते.

ते बाहेर जातं ते बहुतेक वेळा भरण्याच्या दिवशी नव्हे, त्याआधीच्या चुकीमुळे. वर्किंग लेंग्थ, म्हणजे फाईल (मुळातली पोकळ नळी, म्हणजे कालवा, घासून साफ करायची बारीक सुई) किती मिलिमीटर आत न्यायची ती लांबी, मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे ठेवायची असते, कारण तिथे कालवा नैसर्गिकरीत्या अरुंद असतो. त्या अरुंद जागेवरच भरण थोपतं. फाईल एक मिलिमीटर जरी पुढे जाऊन तीच जागा घासत राहिली तर ती रुंद होते आणि मग कुठल्याही पद्धतीने भरलं तरी सिमेंटला अडवणारं काही उरत नाही. वरच्या दाढांत ही चूक होण्याचं एक ठरलेलं कारण आहे: गालाच्या हाडाची जाड सावली एक्स-रेत मुळांच्या टोकांवर पडते आणि टोक नेमकं कुठे संपतं ते दिसत नाही. म्हणून फक्त एक्स-रेवर लांबी ठरवू नये. एपेक्स लोकेटर, म्हणजे मुळाचं टोक विजेच्या साहाय्याने ओळखणारं यंत्र, लावावा, त्याचं रीडिंग टोकाच्या खुणेपर्यंत न्यावं आणि तिथून अर्धा मिलिमीटर मागे यावं. दाढेत जुनं चांदीचं सिमेंट किंवा धातूची कॅप असेल आणि फाईल तिला टेकली तर रीडिंग खोटं येतं. दाढेच्या पोकळीत हायपोक्लोराइट, म्हणजे कालवा धुण्याचं द्रव, तुंबलेलं असेल तरीही खोटं येतं. पोकळी कापसाने टिपून, कालव्यात ओल ठेवून मोजावं. रीडिंग स्थिर राहत नसेल तर ते रीडिंग नाहीच, असं समजून एक्स-रेचा कोन बदलून पुन्हा घ्यावा.

त्यानंतर मास्टर कोनची, म्हणजे गुट्टा पर्चाच्या मुख्य काडीची परीक्षा. ठरलेल्या लांबीवर काडी थांबली पाहिजे आणि मागे ओढताना किंचित धरल्यासारखी वाटली पाहिजे. ती पुढे सरकत असेल तर टोक अर्धा मिलिमीटर कापून पुन्हा बघावं किंवा एक आकार मोठी घ्यावी. काडी लांबीवर ठेवून एक्स-रे घ्यायचा तो सीलर लावण्याआधी, नंतर नाही. जुन्या गळवाने मुळाचं टोकच खाल्लेलं असेल, काडी कुठेच धरत नसेल, तर साधं भरण तिथे करूच नये. एमटीए किंवा त्यासारख्या कॅल्शियम सिलिकेटचा तीन ते पाच मिलिमीटरचा बूच टोकाला बसवून मग उरलेला कालवा भरावा.

सीलर किती लावायचा? काडीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागावर पातळ थर, बस. कालवा सिमेंटने भरून मग काडी खुपसली की ती पिस्टनचं काम करते आणि सगळा दाब मुळाच्या टोकातून वर निघतो. लेंटुलो, ती स्प्रिंगसारखी फिरणारी सुई, वापरायचीच असेल तर वर्किंग लेंग्थच्या निदान तीन मिलिमीटर अलीकडे थांबवावी, कालव्यापेक्षा बारीक घ्यावी, कमी वेगाने फिरवावी आणि फिरत असतानाच बाहेर काढावी. वरच्या दुसऱ्या दाढेत मी तरी ती वापरण्याच्या विरुद्ध आहे. बायोसिरॅमिक सिरिंजचं टोक कालव्याच्या सुरुवातीच्या भागापलीकडे नेऊ नये. ते सीलर इतकं वाहतं की थोडंसं सोडून काडीने ते आत नेणं पुरतं. गरम गुट्टा पर्चाने उभा दाब देऊन भरताना प्लगर, म्हणजे दाबायची दांडी, टोकापासून चार-पाच मिलिमीटर अलीकडे थांबला पाहिजे, आणि ही लांबी आधी थंड प्लगरवर रबरी चकती लावून ठरवलेली पाहिजे.

पुण्याच्या पावसाळ्याचा इथे एक थेट संबंध आहे, आणि तो फारसा कुणी बोलत नाही. झिंक ऑक्साइड युजेनॉल घट्ट व्हायला पाणी लागतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते पट्टीवरच लवकर आवळतं. तीन-चार कालवे भरायचे असतात, वेळ पुरत नाही, म्हणून मिश्रण मुद्दाम पातळ केलं जातं. पातळ मिश्रणात मोकळं युजेनॉल जास्त असतं, ते ऊतींना जाळतं, जास्त वाहतं आणि नंतर जास्त विरघळतं. एका चुकीत तीन तोटे. उपाय साधे आहेत. पावडरची बाटली घट्ट बंद ठेवावी, पट्टी कोरडी आणि थंड असावी, पण इतकी थंड नको की तिच्यावर दव जमेल, कारण दवाचं पाणीच सिमेंट आवळतं. एका वेळी एकाच कालव्यापुरतं घोटावं. कसोटी जुनीच आहे: स्पॅच्युला पट्टीवरून उचलल्यावर तार तुटण्याआधी साधारण अडीच सेंटिमीटर ताणली गेली पाहिजे, आणि स्पॅच्युलावरचा थेंब पडायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. तो लगेच टपकला तर पावडर कमी आहे.

मग बुरशी कुठून आली? ती आधीपासूनच सगळीकडे आहे. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू ओल्या भिंतीत, सुक्या पाल्यात, कुंडीतल्या मातीत, जुन्या कूलरच्या गवतात असतात आणि आपण रोज श्वासातून घेतो. निरोगी सायनस ते बाहेर काढून टाकते. ज्या सायनसमध्ये साफसफाई अडली आहे तिथे एखादा बीजाणू रुजतो, धागे वाढतात, मरतात, त्यांच्यावर नवे वाढतात, आणि काही वर्षांत मातकट, तपकिरी-हिरवट, चिखलासारखा गोळा तयार होतो. तो पडद्यात शिरत नाही, पोकळीत नुसता पडून असतो. रोगप्रतिकारशक्ती अगदी चांगली असलेल्या माणसातही हे होतं. मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांत, त्यातही बायकांमध्ये हा जास्त दिसतो.

भरणातलं झिंकच या बुरशीला पोसतं, हा संशय १९८० च्या दशकात युरोपातून पुढे आला. १९८९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी अ‍ॅस्परजिलस सायनसायटिसच्या ८५ रुग्णांचा अहवाल दातांच्या भरणाशी जोडून प्रसिद्ध केला आणि चर्चा पेटली. तर्काला आधार आहे. अ‍ॅस्परजिलसला वाढायला झिंक लागतं. आपलं शरीर संसर्गाच्या जागी झिंक मुद्दाम लपवून ठेवतं, पांढऱ्या पेशींमधलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन ते धरून ठेवतं. अशा ठिकाणी झिंक ऑक्साइडचा खडा पडला तर बुरशीला आयतीच शिदोरी मिळते. उलट बाजूही नीट ऐकायला हवी. प्रयोगशाळेतल्या बशीत ताजं झिंक ऑक्साइड युजेनॉल बुरशीची वाढ रोखतं, कारण युजेनॉल स्वतः बुरशीविरोधी आहे. मला या दोन गोष्टींत विरोध वाटत नाही. युजेनॉल काही काळात धुऊन जातं, झिंक उरतं, आणि बुरशीचा गोळा रूट कॅनलनंतर काही आठवड्यांत नव्हे, तर वर्षांनी सापडतो.

तरी सगळा दोष दाढेवर टाकू नये. डोक्याच्या मध्यभागी असलेल्या स्फिनॉइड सायनसमध्येही असेच गोळे होतात आणि तिथे आसपास एकही दात नाही. शिवाय सीटीत गोळ्याच्या मध्ये जो पांढराशुभ्र ठिपका दिसतो तो दरवेळी सिमेंटचा नसतो. मेलेल्या धाग्यांवर कॅल्शियम फॉस्फेट साचतं आणि तेही तसंच चमकतं. म्हणून रिपोर्टमध्ये धातूसदृश घनता लिहिली आहे एवढ्यावर जुन्या डॉक्टरांशी भांडायला जाणं चूक. ठिपका मुळाच्या टोकाला जोडलेला आहे का, दाढेच्या जुन्या एक्स-रेत सिमेंट मुळाबाहेर दिसत होतं का, हे जुळवून बघावं लागतं. आणि वरच्या दाढांची जितकी रूट कॅनल होतात त्यांच्या तुलनेत असे गोळे थोडेच आढळतात. भीतीपोटी रूट कॅनल टाळून कुजलेली दाढ तशीच ठेवली तर तिच्या मुळाचा पू सायनसमध्ये जाऊन जंतूंचा सायनसायटिस होतो, आणि तो बुरशीच्या गोळ्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना होतो.

पुण्यात सायनसमधली बुरशी म्हटलं की २०२१ आठवतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गेले, अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक शहरभर फिरले. तो आजार वेगळा. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरतो आणि दिवसांत पसरतो. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड, कमी झालेली प्रतिकारशक्ती ही त्याची जमीन. एका बाजूचे दात अचानक हलायला लागणं, टाळूवर काळा डाग, गाल बधिर होणं, पापणी उतरणं, दोन-दोन दिसणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जावं, अपॉइंटमेंटची वाट बघू नये. अ‍ॅस्परजिलसचा गोळा असा धावत नाही. पण मधुमेह हाताबाहेर असलेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या पेशंटमध्ये तोही पडद्यात शिरू शकतो, म्हणून अशांच्या बाबतीत वाट बघणं नाही. तिसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा, नाकातल्या मोडांसह, बहुधा तरुणांत. त्याची ट्रीटमेंट निराळी, त्याचा दाढेशी संबंध नाही.

तपासणीत काय काढायचं यावर गोंधळ फार असतो. दाताच्या छोट्या एक्स-रेत सायनसचा तळ तेवढा दिसतो. ओपीजीत, म्हणजे सगळ्या दातांच्या एकत्र एक्स-रेत, पांढरा ठिपका दिसू शकतो, पण ओपीजी स्वच्छ असली म्हणून सायनस स्वच्छ असं नाही. सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, मुळांसाठी उत्तम: टोकाशी हाड आहे का, एखादा कालवा भरायचा राहिला आहे का, भरण बाहेर गेलं आहे का. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरा कालवा लपलेला असतो, तो तिथे सापडतो. मात्र सीबीसीटीत मऊ ऊती वेगळ्या कळत नाहीत आणि धातूच्या कॅपमुळे रेघा पडतात. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर साधा पीएनएस (नाकाभोवतालच्या सायनसांचा) सीटी, कॉन्ट्रास्टशिवाय, बारीक कापांचा, समोरून दिसणाऱ्या कापांसह. त्यात शोधायचं ते असं: एकच सायनस भरलेली, आतल्या मालात दाट ठिपके किंवा ढगाळ पांढरेपणा, आणि सायनसच्या हाडाची भिंत जाड झालेली. एमआरआयवर एकट्यावर विसंबू नये. कोरडा, क्षारांनी भरलेला गोळा त्यात इतका काळा दिसतो की हवा असल्याचा भास होतो. एका बाजूच्या सायनसमधून रक्त येत असेल किंवा सीटीत हाड खाल्लेलं दिसत असेल, तर बुरशी मनात धरण्याआधी गाठ नाही याची खात्री करावी लागते.

निदान पक्कं झालं की उपाय शस्त्रक्रिया. गोळीने हा गोळा विरघळत नाही, कारण त्यात रक्तपुरवठा नाही, औषध पोहोचणार कुठून? बुरशी पडद्यात शिरलेली नसेल आणि प्रतिकारशक्ती ठीक असेल तर इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं घेण्याची गरज नसते. यकृताला मात्र त्यांचा भार पडतो. शस्त्रक्रिया नाकातून दुर्बिणीने, पूर्ण भूल देऊन होते. सायनसचं नैसर्गिक तोंड रुंद करतात, वाकड्या सक्शनने आणि सलाईनच्या धारेने सगळा गाळ काढतात. सायनसचा तळ आणि पुढचा कोपरा सरळ दुर्बिणीला दिसत नाही, तिथे ४५ किंवा ७० अंशांची दुर्बीण लागते. आजार परत आलाच तर बहुधा तिथे राहिलेल्या गाळातून येतो. मुळाच्या टोकावरचा सिमेंटचा खडा नेमका त्याच तळाशी असतो, म्हणून दंतवैद्याने कुठल्या दाढेचं कुठलं मूळ हे लिहून दिलं तर सर्जनला तो शोधणं सोपं जातं.

काढलेल्या मालाबाबत एक चूक वारंवार होते: सगळा गाळ एकाच फॉर्मलिनच्या डबीत टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर कसलं करणार? दोन डब्या लागतात. एक निर्जंतुक, थोड्या सलाईनची, सूक्ष्मजीवशास्त्र विभागासाठी. तिथे केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावून धागे त्याच दिवशी दिसतात. दुसरी १० टक्के फॉर्मलिनची, पॅथॉलॉजीसाठी, आणि तिच्यात गाळाबरोबर सायनसच्या पडद्याचा तुकडाही हवा. बुरशी पडद्यात शिरली आहे की नाही हे फक्त त्या तुकड्यातूनच कळतं. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचा हळूहळू हाडात शिरणारा प्रकार भारतात आढळतो, त्यामुळे हा तुकडा वगळणं परवडणारं नाही. कल्चर निगेटिव्ह आलं तरी घाबरू नये. गोळ्यातले बरेच धागे मेलेले असतात, ते उगवत नाहीत. स्लाइडवर आडवे पडदे असलेले, सुमारे ४५ अंशांत फुटणारे धागे दिसले की पुरे.

नंतर काही आठवडे नाक धुवायचं. २४० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलं हवं. आरओ फिल्टरचं पाणी प्यायला चालतं, पण ते निर्जंतुक नसतं, तेही उकळावं. बाटली रोज धुवून कोरडी ठेवावी.

दाढेचं काय? गोळा निघाला म्हणून दाढ उपटायची असं नाही. भरण टोकापर्यंत, मुळाशी गळू नाही, कॅप घट्ट, ठोकल्यावर दुखत नाही, तर दाढ ठेवावी. भरण आखूड, कालवा राहिलेला, टोकाशी काळी सावली, तर रूट कॅनल पुन्हा करावं, पण सायनस साफ झाल्यावर. पुन्हा करताना जुनं भरण ढकललं जाण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. म्हणून विरघळवणारं द्रव थेंबाथेंबाने, फक्त कालव्याच्या सुरुवातीच्या भागात वापरावं, शेवटच्या तीन मिलिमीटरचा माल फाईलने खोदून आत न ढकलता हेडस्ट्रॉम फाईलने बाहेर ओढावा. मुळाला उभी चीर असेल तर दाढ काढावीच लागते. काढल्यावर तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहिलं का ते बघावं, आणि पेशंटने दोन आठवडे नाक शिंकरू नये, स्ट्रॉने पिऊ नये, शिंक तोंड उघडून द्यावी.

आजच एखाद्या दाढेत सिमेंट वर गेलेलं दिसलं तर काय करायचं, हे आता दंतवैद्यांसाठी. मुळाच्या टोकावर मिलिमीटरभर ठिपका बऱ्याचदा राहतो आणि तो काही करत नाही. पेशंटला सांगावं, एक्स-रे त्याला द्यावा, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा बघावं. ठिपक्यासाठी प्रतिजैविक देऊ नये. मोठा गोळा सायनसमध्ये सुटा पडलेला दिसत असेल तर सीबीसीटी किंवा सीटी काढून काही आठवड्यांतच कान-नाक-घशाच्या सर्जनकडे पाठवावं, त्रास सुरू होण्याची वाट बघू नये. केस पेपरवर चार गोष्टी लिहाव्यात: दाढेचा नंबर, मूळ, सीलरचं नाव आणि बॅच, आणि पेशंटला सांगितल्याची नोंद. पेशंटने तो कागद आणि एक्स-रेची मूळ फाईल ईमेलवर मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवला की बारीक ठिपका पुसला जातो, आणि पाच वर्षांनी तोच बघायचा असतो.

शेवटी इम्प्लांटवाल्यांसाठी एक सूचना, कारण पुण्यात वरच्या दाढांचे इम्प्लांट आता गल्लोगल्ली बसतात. त्याआधीच्या सीबीसीटीत सायनस भरलेली आणि आत दाट ठिपके दिसले तर सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा पडदा उचलून खाली हाडाची पावडर भरणं, करू नये. हाडाची पावडर बुरशीच्या गोळ्याखाली भरणं म्हणजे तीही गमावणं आणि इम्प्लांटही. आधी सायनस साफ करून घ्यावी, काही महिन्यांनी सर्जनने दुर्बिणीतून बघून पडदा बरा झाल्याचं आणि तोंड उघडं असल्याचं लिहून द्यावं, मग तारीख ठरवावी. सीबीसीटी काढताना फक्त इम्प्लांटच्या जागेपुरता छोटा चौकोन न घेता सायनसचा वरचा भाग आणि तिचं तोंडही त्यात यावं, असं सेंटरला चिठ्ठीवर लिहून द्यावं.